‘माझं व्याकरणच कच्चं आहे’

महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात निबंध तपासून परत मिळू लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘माझं व्याकरणच कच्चं आहे, मला लिहिता येत नाही.’ या वाक्याचे दोन भाग एकमेकांना इतके चिकटलेले असतात की पहिल्यावरून दुसरा खरोखर निघतो का, हे विचारावे असे कोणाला सुचत नाही. अशाच एका विद्यार्थ्याची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

तो निफाड तालुक्यातल्या एका गावातून कला शाखेत आलेला. घरची कांद्याची शेती. मराठीच्या प्राध्यापकांनी वर्गाला ‘माझ्या लेखनातील बलस्थाने आणि उणिवा’ या विषयावर एक पान लिहायला सांगितले होते. याने उणिवांखाली ‘सर्वच’ एवढाच शब्द लिहिला आणि बलस्थानांखालची जागा कोरी सोडली. प्राध्यापकांनी तो कागद देऊन त्याला माझ्याकडे पाठवले.

“सर्वच म्हणजे काय काय?” मी विचारले.

“मॅडम, शाळेत सर माझी वही वर्गात वाचून दाखवायचे. मी ‘पानी’ लिहायचो. सगळे हसायचे.”

“आणि आता?”

“आता गाइडमधलंच उतरवतो. म्हणजे चूक होत नाही.”

माझ्या मते खरी उणीव या शेवटच्या उत्तरात होती. जो चुकण्याच्या भीतीने स्वतःचे वाक्यच लिहीत नाही, त्याला आपले काय चांगले आणि काय वाईट हे कधीच कळत नाही, कारण तपासायला त्याचे स्वतःचे असे काही कागदावर नसते. म्हणून मी त्याला गाइडमध्ये सापडणार नाही असा विषय दिला : कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, कसा साठवतात.

तो दोन पाने लिहून घेऊन आला. लाल कांदा टिकत नाही आणि उन्हाळ कांदा का टिकतो, चाळीत हवा खेळती का ठेवावी लागते, सडका कांदा वेळीच वेचला नाही तर शेजारचे कसे खराब होतात, हे सारे त्याने क्रमाने लिहिले होते. प्राध्यापकांनी त्यावर ३१ लाल खुणा केल्या. त्या पाहून त्याचा चेहरा उतरला, तेव्हा मी त्याला खुणांची कारणांनुसार वाटणी करायला लावली. १७ खुणा एकाच जातीच्या निघाल्या : ‘पिक’, ‘जमीनीत’, ‘ऊन्हात’, म्हणजे ह्रस्व-दीर्घाच्या. ८ ठिकाणी बोलण्यातली रूपे होती, ४ ठिकाणी ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल, आणि उरलेली २ वाक्ये इतकी लांबली होती की त्यांतला कर्ता मागेच राहून गेला होता.

“आता लिंग किंवा वचन चुकलंय असं एक तरी क्रियापद दाखव,” मी म्हणाले.

तो बराच वेळ शोधत राहिला. एकही सापडले नाही. मग मी त्याचेच वाक्य वाचून दाखवले : ‘आजोबांनी कांदा निवडला, चाळ भरली आणि पोते शिवले.’ निवडला, भरली, शिवले. हे कोणी शिकवले, असे विचारल्यावर तो गोंधळून म्हणाला, “ते काय शिकवायचं, मॅडम? ते तसंच असतं.”

कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते. मराठी नव्याने शिकणारा प्रौढ माणूस येथे वर्षानुवर्षे अडखळतो. हा मुलगा ते नकळत पेलत होता. व्याकरण त्याला येत होते. येत नव्हते ते लेखनाचे नियम, आणि ते माणसांनी बसून ठरवलेले आहेत : मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मधले १४ आणि १९७२ मध्ये त्यांत घातलेले ४. त्याच्या आजोबांच्या पिढीने शाळेत ‘नांव’ आणि ‘गांव’ असे अनुस्वार देऊन लिहिले ते बरोबर होते. आज त्यालाच लाल खूण होते. हे ऐकून तो प्रथमच मोकळेपणाने हसला. अशा क्षणी काही न बोलता थांबावे, हे मला या कामाने शिकवले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो. कृतीचे मोजमाप करावे, माणसाचे करू नये, हे तिचे सूत्र मला लेखनाच्या बाबतीत फार उपयोगी वाटते. मात्र ‘चुकांचं काही नसतं’ असे सांगून मुलांची समजूत घालणे मला मान्य नाही. गुण कापले जातात, नोकरीचा अर्ज बाजूला पडतो, आणि ‘सर्वच चुकते’ या भीतीइतकाच हा खोटा दिलासाही निरुपयोगी असतो.

म्हणून सांगते, आपले तपासलेले जुने दोन-तीन निबंध काढावेत आणि चुका कारणांनुसार मोजाव्यात. बहुतेकांच्या बाबतीत एखाद-दुसरी जात निम्म्याहून अधिक जागा व्यापते; आधी तेवढीच हाती घ्यावी. पीक–पिकाला, जमीन–जमिनीत, दूध–दुधाचे अशा जोड्या आपल्या रोजच्या शब्दांतून कराव्यात आणि ‘शरीर–शरीराला’ यासारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द तसेच राहतात हे शेजारी लिहून ठेवावे. लिहिताना दुरुस्ती करू नये. दुरुस्तीची बैठक वेगळी ठेवावी आणि तेव्हा मोठ्याने वाचावे, म्हणजे हरवलेला कर्ता कानालाच खटकतो. बलस्थान मात्र स्वतःला सहसा दिसत नाही. त्यासाठी लेख मित्राला वाचायला देऊन ‘कसा वाटला’ असे न विचारता ‘यातून तुला नवीन काय कळलं’ असे विचारावे.

सत्राच्या शेवटी त्याने ते पान पुन्हा लिहिले. बलस्थानांखाली होते : ‘एखादे काम कसे होते ते मला क्रमाने सांगता येते.’ उणिवा तीन होत्या : उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातले) ह्रस्व-दीर्घ, लांबणारी वाक्ये आणि ‘माहिती देतो, पण स्वतःचे मत लिहायचे टाळतो’. तिसरी ना प्राध्यापकांनी दाखवली होती ना मी. पुढच्या सत्रातल्या आमच्या भेटी तिच्यावरच झाल्या.