वर्ध्याहून लहान लेकरांना घेऊन द्राक्षबागांची एक दिवसाची सहल जमेल का?

नाशिकच्या द्राक्षबागा अन् वायनरी एका दिवसात? वर्ध्याहून विसराच, लेकरं गाडीतच रडकुंडीला येतील. त्यापेक्षा मोर्शी-वरुडकडच्या संत्राबागा पाहा. आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा) तोडा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला विचाराल तर मृगाचंच संत्रं गोड.

ओळखीच्या कास्तकाराला आधी फोन करा, फवारणी नुकतीच झाली नाही ना तेही विचारा. फळ ओढू देऊ नका. ओढलं की देठाशी साल फाटते आणि ते टिकत नाही. कात्रीनं कापायचं. कलमाखाली जंभेरीचा (ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचा) फुटवा आला असेल तर त्याला चांगले लांब काटे असतात, लेकरांच्या बरोबर उंचीवर! डबा बांधावरच उघडा. वेळ उरला तर मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहेच.