तुमचे प्रश्न: रात्री दुधासाठी उठणारं मूल

प्रश्न : मुलगा १९ महिन्यांचा, वजन साडेदहा किलो. बाटली तोंडात घेऊनच झोपतो आणि रात्री तीनदा उठून प्रत्येक वेळी १८० मिली दूध, एक चमचा साखर घातलेलं, संपवतो. सकाळ-संध्याकाळ एकेक कप वेगळा. दिवसा मात्र दोन घासांत तोंड फिरवतो. सासूबाई म्हणतात, पोराला उपाशी ठेवू नका. काय करू?
(एक आई, चिंचवड)

उत्तर : आधी हिशेब बघा. रात्रीचं ५४० मिली दूध आणि तीन चमचे साखर मिळून ४०० कॅलरीच्या आसपास होतात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजार. म्हणजे जवळपास दोन जेवणं तो झोपेत जेवतो, मग सकाळी भूक लागणार कुठून? सासूबाईंची काळजी खरी आहे. त्यांना हाच हिशेब दाखवा आणि दिवसा भरवायचं काम त्यांच्याकडे द्या. रात्रीचं दूध तुटेपर्यंत दिवसाची भूक उघडत नाही.

तो उठतो ते बहुधा भुकेने नव्हे. झोप रात्रभर सलग नसते, अधूनमधून ती पातळ होते. नऊ वाजता बाटली तोंडात धरून झोपलेलं मूल दीड वाजता चाळवलं, की पुन्हा झोपायला त्याला बाटलीच लागते. म्हणून सुरुवात रात्री दीडची नाही, नऊची बदलायची. साडेसातला जेवण: मऊ वरणभात, तूप, वर लिंबू. साडेआठला १५० मिली बिनसाखरेचं दूध, कपातून, बिछान्याबाहेर बसून. मग दात घासायचे, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. त्यानंतर गादीवर, जागा असतानाच. थोपटा, गाणं म्हणा, पण तोंडात काही नको.

हे चार-पाच दिवस बसलं, की रात्रीचं दूध कमी करायला घ्या. आधी साखर बंद. मग तिन्ही वेळचं दूध दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलीने उतरवा: १५०, १२०, ९०, ६०. साठनंतर थेट बंद, फक्त कपातून घोटभर पाणी. एकूण दोन आठवडे धरा. दुधात पाणी वाढवत नेण्याचा उपाय बरेच जण करतात. त्याने दात वाचतात, पण चोखत झोपायची सवय तशीच राहते, म्हणून आम्ही मापच कमी करायला सांगतो.

बिघडतं ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात. मूल अर्धा तास रडतं, घर जागं होतं, शेजारी काय म्हणतील या धास्तीने कोणीतरी बाटली भरतं. मूल त्यातून एवढंच शिकतं, की अर्धा तास रडलं की दूध मिळतं, आणि पुढच्या रात्री तेवढं रडतंच. त्याला एकटं रडत ठेवू नका. जवळ बसा, पाठीवर हात ठेवा, दिवा लावू नका, मोबाइल तर नकोच. शक्यतो त्या रात्री बाबांनी उठावं. ताप, जुलाब, प्रवास किंवा नवं पाळणाघर असेल तर आठवडाभर थांबा.

दोन गोष्टी आजच तपासा. वरचा ओठ उचलून पुढच्या दातांकडे पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढुरकी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध-साखर दातांवर तशीच राहते. अशा वेळी दंतवैद्याकडे लगेच जा, दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडू नका. दुसरं, रक्त. दोन्ही कप धरून त्याचं दूध दिवसाला ९०० मिलीच्या पुढे जातंय. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि पोट दुधाने भरलं की लोह असलेलं अन्न खाल्लं जात नाही. मूल फिकट दिसत असेल, माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, तर हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. पुढे दूध २४ तासांत ४०० ते ५०० मिलीवर ठेवा.

प्रश्न : मुलगी १५ महिन्यांची, रात्रभर अंगावर पिते. कडू लावून तोडू का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तोडायलाच हवं असं नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवायला सांगते. पण तुम्ही थकला असाल तर फक्त रात्रीचं थांबवता येतं. घड्याळ बघा: दहा मिनिटं पीत असेल तर दर दोन रात्रींनी दोन मिनिटं कमी करा आणि उरलेली झोप थोपटून लावा. पाचाच्या आत आलं की बंद. कडू काही लावू नका. मिरची तर कधीच नको, तिच्या तोंडाची आणि तुमच्या त्वचेची आग होईल. छाती दाटली तर आराम पडेल इतकंच दूध हाताने काढा. पूर्ण रिकामं केलंत तर दूध पुन्हा तितकंच येईल. लाल, गरम, दुखरा भाग आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.