पोच घेतलीस का?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. रात्री मूल झोपल्यावर फोनवर लिहिलेलं असावं, दोन ठिकाणी वाक्य मध्येच तुटलंय. त्यातला हा भाग (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ):

"मावशी, मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. सात-आठ शब्द बोलतो, तेही रोज नाही. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो आणि माझाच हात दारावर ठेवतो. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टशी बोला. मी दोनदा फोन केला. बाई फार गोड बोलल्या, 'आम्ही कळवतो' म्हणाल्या. त्याला सात आठवडे झाले. परत फोन केला तर त्यांना कटकट वाटेल का? सासूबाई म्हणतात, ह्याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. डेकेअरच्या टीचर म्हणतात, घरी इंग्रजीच बोला. डिसेंबरमध्ये दिराचं लग्न आहे, सहा आठवडे जायचंय. आणि आम्ही अजून एच-वनवर आहोत, ह्या सगळ्याची कुठे नोंद होईल का?"

अगं, प्रश्न पाच विचारलेस, मला त्यात एकच दिसला. सात आठवडे तू फोनची वाट बघत बसलीस. अर्ज कुठाय?

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सांगली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत आवक-जावकला होते. टेबलावर जांभळ्या शाईचं पॅड, तारखेचा रबरी शिक्का, त्यातले आकडे रोज सकाळी अंगठ्यानं फिरवायचे, आणि कोपरे झिजलेलं जाडजूड रजिस्टर. लोक थेट साहेबांना भेटून यायचे. साहेब 'बघतो' म्हणाले म्हणून खूश होऊन जिना उतरायचे. दादा चष्म्यावरून बघून विचारायचे, "अर्ज दिलात? पोच घेतलीत?" माणूस म्हणायचा, साहेबांशी बोलणं झालंय. दादा म्हणायचे, "बोलणं आवकला येत नाही हो."

हे बाळकडू प्यायलेली मी. १९९६ साली इकडे आले आणि सगळं विसरले! इथे सगळे हसून बोलतात ना, मग कागद कशाला, असं वाटलं. माझा धाकटा २००१ मध्ये तीन वर्षांचा झाला, शब्द दहाच्या आत. सप्टेंबरात डिस्ट्रिक्टला फोन केला. 'कळवतो.' थँक्सगिव्हिंगनंतर केला. 'हो हो, कळवतो.' नाताळ झाला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी कॉलिंग कार्डावरून दादांशी बोलत होते, मिनिटं मोजत, आणि रडू फुटलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "पोच घेतलीस का?"

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचं पत्र, दोन प्रती. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझ्या प्रतीवर आजची तारीख घालून शिक्का मारून द्या. तिला ते नवलच वाटलं, पण मारला. तीन आठवड्यांच्या आत मीटिंग. आधीचे पाच महिने गेले ते गेले. त्याचा राग मला अजून येतो, आणि निम्मा माझ्यावरच येतो.

आता नीट ऐक. मूल तीन वर्षांचं झालं की त्याची जबाबदारी तुमच्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टवर येते. ते त्यांच्या शाळेत जात नसलं, नुसतं डेकेअरला जात असलं तरी. फुकट. ही कुणाची मेहेरबानी नाही. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ चा, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांपर्यंत तो खऱ्या अर्थानं आणला १९८६ च्या दुरुस्तीनं. पण ह्या कायद्याला घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाची किल्ली तुझ्या अर्जात आहे. न्यू जर्सीत लेखी विनंती पोचल्यापासून वीस दिवसांत त्यांनी तुला मीटिंगला बोलवायचं असतं. त्यातून शाळेच्या इतर सुट्ट्या वगळतात, उन्हाळ्याची मात्र मोजतात. तपासणीला तू संमतीची सही दिलीस की नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर सेवा सुरू, इतकं सगळं बसवायचं असतं. तुझ्या दोन फोनांनी ह्यातला एक दिवसही सुरू झालेला नाही. (इतर राज्यांत राहणाऱ्यांनो, केंद्राचा नियम संमतीपासून साठ दिवसांत तपासणी असा आहे, राज्याची स्वतःची मुदत असली तर ती. इंग्लंडवाल्यांनो, तुमच्याकडे तपासणीसाठी पालक स्वतः स्थानिक कौन्सिलला लिहू शकतात. सहा आठवड्यांत हो-नाही आणि सगळं मिळून वीस आठवडे. तिकडेही अर्ज लेखीच करा.)

पत्र डायरेक्टर ऑफ स्पेशल सर्व्हिसेसच्या नावानं लिही. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग एक वाक्य: माझ्या मुलाच्या विकासात उशीर दिसतो आहे, चाइल्ड स्टडी टीमकडून (डिस्ट्रिक्टची तपासणी करणारी माणसं) त्याची पूर्ण तपासणी व्हावी अशी माझी विनंती आहे. मग तू मला लिहिलंस तेच लिही. फ्रिजच्या दारावर तुझा हात ठेवतो, ते. 'थोडा स्लो आहे' असलं काही लिहू नकोस, त्यातून कुणाला काही कळत नाही. आपल्या बायकांना मुलाबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. डॉक्टरांकडच्या दीड-दोन वर्षांच्या फॉर्मवर आपण सगळ्याच 'कधी कधी' वर खूण करून येतो. तीन वर्षांच्या आत माणसं घरी येऊन मुलाबरोबर काम करतात, ती अर्ली इंटरव्हेन्शनची संधी अशीच हुकते. तुमचीही हुकली. जाऊ दे, आता बोलून उपयोग नाही.

पत्रात शेवटी लिही, घरची भाषा मराठी. हे विसरू नकोस, पाया पडते. मुलाची तपासणी, शक्य असेल तिथे, त्याच्या भाषेत करायची असं कायदाच म्हणतो. मराठी बोलणारी स्पीच थेरपिस्ट मिळणं कठीण, पण दुभाषा मागता येतो, आणि तो तू किंवा तुझा नवरा नसलेला बरा. माझ्या धाकट्याला तपासणीत चमच्याचं चित्र दाखवलं. तो चक्क म्हणाला, "चमचा!" त्याचा दहातला एक शब्द, आणि त्या बाईंनी शून्य लिहिलं. मी खुर्चीत बसून बघत होते, तोंडातून आवाज फुटला नाही. न्यू जर्सीत मूल पात्र ठरायला विकासाच्या एका क्षेत्रात तेहेतीस टक्के उशीर किंवा दोन क्षेत्रांत प्रत्येकी पंचवीस टक्के उशीर असा हिशेब असतो. अशा हिशेबात एकेका शून्याला किंमत असते, आणि ते दोन्ही बाजूंना चुकू शकतं.

पुढे आयईपी, म्हणजे मुलाला कुठली मदत मिळणार त्याचा लेखी आराखडा, होईल, तेव्हाही हेच. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, 'आठवड्यातून दोनदा स्पीच देऊ', तर विचारायचं, कुठल्या पानावर लिहिलंय? किती मिनिटं, एकट्याला की गटात, वर्गात की वेगळ्या खोलीत, हे सगळं कागदावर हवं. पहिली सही तिथेच ठोकू नकोस, घरी आणून वाच. सेवा सुरू करायला तुझी लेखी संमती लागतेच. आणि 'नाही' म्हणाले तर नकारही कारणासकट लेखी मागायचा, तो द्यावा लागतो. त्यांच्या तपासणीशी तुझं पटलं नाही तर बाहेरची स्वतंत्र तपासणी डिस्ट्रिक्टच्या खर्चानं मागता येते. हीसुद्धा लेखीच.

बाकीचे प्रश्न. सासूबाई खोटं बोलत नाहीत, काही मुलं उशिरा बोलतातच. तपासणीत ठीक निघाला तर पेढे वाटा, पण तपासणी होऊ दे. त्याच्या आधी ऑडिऑलॉजिस्टकडून कान नीट तपासून घ्या.

इंग्रजी: नाही. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. तू मराठीतच बोल, भरपूर बोल.

एच-वन: डिस्ट्रिक्टला तुझ्या व्हिसाशी काही घेणंदेणं नाही. कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे इथल्या सुप्रीम कोर्टानं १९८२ सालीच सांगितलंय.

लग्नाला जा, पण सहा आठवडे नव्हे. नव्वद दिवस चालू असताना तू मुलाला घेऊन हळदी-केळवणात बसलीस तर तपासणी कुणाची करतील? दोन आठवड्यांत उरकून परत ये. नवऱ्याला हवं तर सहा आठवडे राहू दे, त्याच्या भावाचं लग्न आहे.

आणि कटकट वाटेल का, म्हणून विचारलंस. वाटू दे.

पत्र सोमवारी स्वतः नेऊन दे, दुपारी तीनच्या आत, शाळेची ऑफिसं लवकर आवरतात. दोन प्रती ने. शिक्का नसेल तर 'मिळाले' असं लिहून सही-तारीख घे, तीही देत नसतील तर तिथे उभ्या उभ्याच ईमेल कर आणि घरी येताना पोस्टातून रजिस्टर्ड पाठव. पोचेचा फोटो मला पाठव.