वाचकांचे प्रश्न: काळ्या गाडीवरची बारीक जाळी आणि फिनिशिंग पॉलिश

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): माझी काळी होंडा सिटी आहे. यंदा डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशिंग मशीन घेतलं आणि घरीच कंपाउंड (चरे कापणारं जहाल पॉलिश) मारलं, चरे बऱ्यापैकी गेले पण आता उन्हात बोनेटवर धूसर बारीक जाळी दिसते, ती आधी नव्हती. कोणी म्हणतं मेग्वायर्सचं एम २०५ घे, कोणी म्हणतं मेंझेर्ना ३८००, कोणी सोनॅक्स परफेक्ट फिनिश, आणि ओळखीचा पेंटर म्हणतो थ्रीएमची निळ्या झाकणाची बाटली घे. चारही घेणं परवडणारं नाही. एकच घ्यायचं तर कुठलं?

उत्तर: एकच घ्यायचं तर एम २०५ घ्या, आणि पैसे वाचतील त्यात मऊ फिनिशिंग पॅड घ्या, एक नाही, किमान दोन. असं का म्हणतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं बाटलीचं नाव सांगून तुमची जाळी जायची नाही.

ही जाळी कंपाउंडनेच पडलीये. होंडा, मारुती, टोयोटा या गाड्यांचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारणपणे मऊ असतो, स्कोडा-फोक्सवॅगनचा बऱ्यापैकी कडक. मऊ क्लिअरवर जहाल कंपाउंड आणि कडक पॅड फिरवलं की जुने चरे कापले जातात पण पॅड स्वतःच्या बारीक रेघा मागे ठेवून जातं. यात तुमचं काही बिघडलेलं नाही, कटिंगनंतर फिनिशिंगचा हात लागतोच. फक्त जाळी जात नाही म्हणून परत कंपाउंड मारायला जाऊ नका, कृपा करून नका. कंपनीच्या रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ, आणि एकदा गेलेला क्लिअर परत येत नाही, मग थेट रंगकामच. तुमचं एक कटिंग ऑलरेडी झालंय हे लक्षात ठेवा.

आता चौघांचं. एम २०५ मधला दाणा घासताना फुटत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो, त्यामुळे ते किती कापणार हे तुमच्या दाबावर, पॅडवर आणि स्पीडवर ठरतं. नवशिक्याला हे फार सोयीचं, कारण सुरुवातीला थोडा दाब देऊन जाळी काढायची आणि शेवटचे दोन हात मशीनच्या नुसत्या वजनावर फिरवायचे की तेच पॉलिश फिनिश पण करतं. लवकर वाळत नाही, आरामात काम करता येतं. त्याची एकच भानगड, तेलकट असतं, पुसल्यावर वर पातळ थर राहतो आणि जाळी गेल्यासारखी वाटते, तेव्हा तपासल्याशिवाय खूश होऊ नका.

मेंझेर्नाचं उलट आहे, तिथे दाणा घासता घासता बारीक होत जातो. म्हणून ते पूर्ण मुरवावं लागतं. अर्ध्यात मशीन बंद केलं तर दाणा अजून फुटलेलाच नसतो, धूसरपणा राहतो, आणि लोक म्हणतात पॉलिशच बेकार. नीट मुरवलं तर काळ्या मऊ रंगावर ३८०० चं फिनिश या चौघांत मला सगळ्यात आवडतं, हे मोकळेपणाने सांगतो. पण ते कापतं फारच थोडं. जाळी जरा खोल असेल तर ३८०० ने हलणारही नाही, मग ३५०० लागेल (त्यांच्यात आकडा मोठा तितकं पॉलिश बारीक), म्हणजे बाटल्या झाल्या दोन. म्हणून तुम्हाला पहिली बाटली ती नको म्हटलं.

सोनॅक्सच्या बाटलीवर ०४-०६ असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा कापण्याचा, दुसरा चमकेचा. फिनिशिंगमध्ये मोडत असलं तरी त्याला बऱ्यापैकी धार आहे. तुमची गाडी स्कोडा असती तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं, एकाच पॉलिशमध्ये हलके स्वर्ल (उन्हात दिसणारी बारीक रेघांची जाळी) पण जातात आणि फिनिश पण येतं. थ्रीएमची निळ्या झाकणाची ती अल्ट्राफिना. हिरवं, पिवळं, निळं अशी त्यांची तीन पायऱ्यांची पद्धत आहे आणि त्यातली ही शेवटची, रोटरी मशीनने (पॅड नुसतं गोल फिरवणाऱ्या) पडलेले होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे धूसर पट्टे, काढायला. पेंटरची सवय त्यातूनच आलीये आणि त्याचं चूक नाही, माल चांगला आहे, पण तुमचं मशीन रोटरी नाही, डीए आहे.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. पॅडच्या रंगावर जाऊ नका! थ्रीएममध्ये निळं पॅड म्हणजे सगळ्यात शेवटचं, फिनिशिंगचं. रुपेसमध्ये निळं म्हणजे सगळ्यात कडक, कटिंगचं, आणि पांढरं सगळ्यात मऊ. लेक कंट्रीत पांढरं मधलं आणि काळं फिनिशिंगचं. पॉलिश एका कंपनीचं, पॅड दुसऱ्याचं, आणि रंग बघून 'निळं चालतं म्हणे' असं करून रुपेसचं निळं पॅड मऊ काळ्या रंगावर फिरवलं तर जगातलं कुठलंही फिनिशिंग पॉलिश तुम्हाला वाचवणार नाही. पॅड बोटांनी दाबून बघा, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा, मगच घ्या. हलक्या जाळीच्या कामात निम्म्याहून जास्त खेळ पॅडचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

करायचं कसं, तर गाडी धुवून, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) मारून, बोनेटवर मास्किंग टेपने साधारण दीड फुटाचा चौकोन आखा आणि आधी तेवढ्यावरच करा. पॅनेल हाताला गार लागलं पाहिजे, एप्रिलमध्ये दुपारी पार्किंगच्या पत्र्याखाली सुद्धा नको, सकाळी लवकर करा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आधी कमी स्पीडवर पसरवून घ्या, मग चार-पाच नंबरवर आडवे-उभे हात, हात सावकाश, सेकंदाला इंचभर सरकेल असा, एकूण चार ते सहा हात, शेवटचे बिनदाबाचे. पॅड प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने साफ करा. दुसरं पॅड याचसाठी घ्यायला सांगितलं, कारण भरलेलं, तापलेलं पॅड स्वतःच नवीन जाळी पाडतं आणि दोष पॉलिशला जातो.

मग तपासणी. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १५-२० टक्के मिसळून मऊ मायक्रोफायबरने हलकं पुसा, तेल निघून जाईल, आणि टॉर्च तिरकी धरून बघा. रेघा दिव्याभोवती गोल गोल दिसतील, त्याने गडबडू नका. रेघा असतात सगळ्या दिशांनी, पण दिव्याच्या उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात म्हणून वर्तुळ दिसतं, टॉर्च हलवली की वर्तुळही हलतं. त्या चौकोनात जाळी गेली असेल तर तोच पॅड, तेच पॉलिश, तेवढेच हात घेऊन सगळी गाडी करा. राहिली असेल तर आधी हात वाढवा, मग एक पायरी कडक पॅड बघा, आणि बाटली बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

प्रश्न (नाशिक): एका दुकानात रबिंग पॉलिश करून घेतलं. गाडी आरशासारखी आली होती. दोन-तीन वॉशनंतर सगळे स्वर्ल परत. दुकानदार म्हणतो तुमचा गाडी पुसणारा खराब करतो. खरं कोणाचं?

उत्तर: दोन्ही शक्य आहे आणि यात फरक ओळखता येतो. परत आलेल्या रेघा जुन्याच आहेत का बघा. पॉलिशच्या आधी एखादा ओळखीचा चरा होता, दाराच्या हँडलमागे नखांचे ओरखडे असतात तसा, आणि तो जसाच्या तसा परत दिसत असेल तर रेघा काढल्याच नव्हत्या, ग्लेझने (रेघा भरून झाकणारं तेलकट पॉलिश) भरल्या होत्या. ग्लेझ शॅम्पूने धुतलं जातं. हे पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्या वेळी एक पॅनेल झालं की तुमच्यासमोर अल्कोहोलच्या पाण्याने पुसून दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस लगेच पुसून दाखवतो.

रेघा नवीन असतील तर मात्र फडकं. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसतात ते पाणी असतं एक बादली, फडकं एकच, आणि दहा गाड्यांची धूळ त्याच फडक्यात. धूळ कोरडी घासली की क्लिअरवर जाळी पडणारच, मग पॉलिश कितीही महागाचं असू दे. यात त्या माणसाचा दोष नाही, महिन्याच्या पैशात आणि एका बादलीत तो आणखी काय करणार? त्याला म्हणावं फक्त काचा आणि चाकं कर, बॉडीला हात लावू नको, पैसे तेवढेच देतो. बॉडी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी मारून, शॅम्पूने तुम्ही स्वतः धुवा. धूळ बसलेली दिसली तर दिसू दे, ती नुसती बसलेली असताना काही करत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): पांढरी अल्टो आहे, मशीन नाही. फिनिशिंग पॉलिश हाताने मारून स्वर्ल जातील का?

उत्तर: थोडे बुजतील, जाणार नाहीत. मऊ फोमचं अ‍ॅप्लिकेटर घेऊन मेग्वायर्स अल्टिमेट पॉलिश सरळ रेघेत मारा, चमक येईल. पण पांढऱ्या रंगावर बारीक जाळी फारशी दिसत नाही, त्यापेक्षा चांगलं वॅक्स लावा आणि पैसे वाचवा. तुमच्याकडे समुद्राची खारी हवा, तिथे वॅक्स जास्त कामाला येईल.

प्रश्न (मुंबई): वडिलांची लाल प्रीमियर पद्मिनी आहे, मूळ रंग, पण पांढुरका पडलाय. एम २०५ हाताने लावून बघितलं तर फडकं लालभडक झालं. रंग निघतोय म्हणून थांबलो. पुढे काय करू?

उत्तर: थांबलात ते उत्तम केलंत, पण घाबरू नका. त्या काळच्या या रंगावर क्लिअर कोट नाही, त्यामुळे फडक्यावर लाल येणारच, तो वरचा वाळलेला, मेलेला रंग आहे. अशा रंगाला आधी तेल हवं असतं. मेग्वायर्सचं नंबर ७ ग्लेझ मिळालं तर बघा, वर ग्लेझला मी नावं ठेवली तरी इथे तेच हवं, कारण त्यात घासणारा दाणा जवळपास नाही आणि तेल भरपूर. जाड थर हाताने चोळून लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा, आणि रंग पित असेल तोवर पुन्हा लावा. लाली वर आली की मग मऊ पॅडवर एम २०५ चा अगदी हलका हात, तोही बोनेटच्या कडा आणि दारांच्या घड्या टेपने झाकून, कारण इतक्या वर्षांच्या पुसण्याने तिथला रंग आधीच झिजलेला असतो आणि खालचा प्रायमर दिसायला लागला की मूळ रंग गेला. त्यावर वॅक्स लावा आणि गाडी सावलीत ठेवा.