बायपॅप आणि पावसाळा

प्रश्न : वडील सीओपीडीमुळे (फुफ्फुसांचा जुनाट आजार) रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावतात. पावसात नळीत पाणी साचतं, नाकावर वळ उठतात. वीज गेली तर काय करायचं? – वाचक, डिचोली

उत्तर : ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या भागाची) उबदार हवा गार नळीत थंडावते, म्हणून पाणी साचतं. मशीन खाटेपेक्षा खाली ठेवा, आर्द्रता एक अंश कमी करा, नळीवर सुती कापड गुंडाळा.

वळ बहुधा पट्टे करकचून आवळल्यानेच. वडिलांना आडवं करून, मशीन चालू ठेवून पट्टे सैल करत जा. मास्कच्या उशीला (चेहऱ्यावर टेकणाऱ्या मऊ कडेला) चेहऱ्याचं तेल लागलं की हवेची गळती होते. ही उशी रोज सौम्य साबणाने धुवा. मास्कची बारीक भोकं मात्र कधीच बुजवू नका, उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो.

वीज गेली, मशीन थांबलं की मास्क लगेच काढा. मशीन इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो. सकाळी डोकं जड, दिवसा गुंगी असेल तर डॉक्टरांना कळवा. मशीनचं प्रेशर स्वतः बदलू नका.