मुलाने लूट बॉक्सवर उडवलेले पैसे : जुगाराचा मुद्दा मांडावा का?

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा मोबाइलवर एक गेम खेळतो. मध्यंतरी त्याच्या हट्टाखातर मी स्वतः पासवर्ड घालून माझ्या कार्डावरून त्याला एक खरेदी करून दिली. त्यानंतरच्या चार महिन्यांत त्याने त्याच कार्डावरून 63 वेळा लूट बॉक्स, म्हणजे आत कोणती वस्तू निघेल हे आधी न कळणारी गेममधील आभासी पेटी, घेतल्याचे मला आता कळले. त्यातून निघालेली एक वस्तू त्याने बाहेरच्या संकेतस्थळावर विकलीही आहे. खाते व कार्ड तुमचे, अटी तुम्हाला मान्य होत्या, उघडलेल्या बॉक्सचे पैसे परत मिळत नाहीत, असे कंपनीचे उत्तर आहे. आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे घेणे हा जुगारच नव्हे का? कंपनीवर फौजदारी तक्रार करून पैसे वसूल करता येतील का?

उत्तर : आपला संताप रास्त आहे, परंतु पैसे परत मिळवणे हा हेतू असेल, तर जुगाराचा मुद्दा पुढे करू नये, असे माझे मत आहे. तो मुद्दा पोकळ आहे असे नाही. आपल्या हाती त्याहून भक्कम मुद्दा आहे, एवढेच.

एखादा व्यवहार जुगार आहे की नाही हे ठरवताना कायदा सर्वसाधारणपणे तीन गोष्टी पाहतो : खेळणाऱ्याने काही मोल पणाला लावले का, निकाल नशिबावर अवलंबून आहे का, आणि जिंकल्यास पैसा किंवा पैशाच्या मोलाचे काही हाती पडते का. पैसे देऊन घेतलेल्या लूट बॉक्समध्ये पहिल्या दोन गोष्टी सहसा असतातच. घोडे अडते ते तिसरीपाशी. ब्रिटनच्या 2005 च्या जुगार कायद्यात बक्षीस पैसा किंवा पैशाच्या मोलाचे असावे लागते, त्यामुळे गेमबाहेर जिची अधिकृतपणे विक्री होऊ शकत नाही अशी वस्तू देणारे बहुतेक लूट बॉक्स त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. 2022 मध्ये तिथल्या सरकारने हा कायदा लूट बॉक्सपर्यंत वाढवण्यास नकारही दिला. याउलट बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स तिथल्या कायद्यानुसार जुगारच ठरवले. सर्वांत बोधप्रद उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तिथल्या नियामकाने फिफा या फुटबॉल गेममधील खेळाडूंच्या पाकिटांवरून (हेही लूट बॉक्सच) इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला एकूण 1 कोटी युरोपर्यंतचा दंड आकारण्याचा आदेश दिला होता. तो मार्च 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने रद्द केला. कारण असे, की पाकीट उघडणे हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहे. सरकारी यंत्रणा जिथे टिकली नाही, तिथे एका पालकाने स्वखर्चाने उतरावे, हे मी सुचवणार नाही.

शिवाय हे शस्त्र दुधारी आहे. अनेक कायदेपद्धतींत पैजेचा करार न्यायालयामार्फत बजावता येत नाही आणि एकदा दिलेले पैसे परत मिळवून देण्यासही न्यायालये नाखूश असतात. फौजदारी तक्रार यशस्वी झाली तरी दंड सरकारजमा होतो. आपला परतावा जिथल्या तिथे राहतो. मुलाने वस्तू विकल्याने तिला बाजारमोल आहे हे दिसते खरे, पण अशी विक्री बहुधा गेमच्या अटींविरुद्ध असते आणि कंपनी ती आपल्याच विरोधात वापरील. ती ताबडतोब थांबवावी.

आता भक्कम मुद्दा. जवळजवळ सर्वच कायदेपद्धतींत अल्पवयीनाने केलेला करार एकतर मुळातच शून्य असतो किंवा त्याच्या वतीने रद्द करून घेता येतो. कंपनी म्हणेल, करार मुलाशी नव्हे, खातेदाराशी झाला. त्यावर आपले उत्तर असे असावे, की आपण एका खरेदीला संमती दिली होती, पुढच्या 63 खरेद्यांना नव्हे. आणि प्रत्येक वेळी नव्याने संमती न विचारण्याची रचना कंपनीने केलेली आहे. हा युक्तिवाद नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने अॅपलवर ठेवलेला आक्षेप नेमका हाच होता : पालकाने एकदा पासवर्ड घातला की पुढची 15 मिनिटे मुलाला हवी तितकी खरेदी करता येत होती आणि हे पालकाला सांगितले जात नव्हते. 2014 मध्ये अॅपलने किमान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. जानेवारी 2025 मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेमच्या प्रकरणात झालेल्या तडजोडीनुसार 2 कोटी डॉलरची रक्कम ठरली आणि 16 वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून लूट बॉक्स विकण्यास मनाई झाली. दोन्हीकडे भर होता तो संमती आणि फसव्या मांडणीवर. जुगार ठरवण्याची गरज पडली नाही.

या मुद्द्याला एक छिद्र आहे, ते आपणच तपासावे. आपण पासवर्ड मुलाला सांगितला होता का? सांगितला असल्यास संमती नव्हती हे म्हणणे बरेच दुबळे होते. तरीही ते लपवू नये. कार्ड चोरीला गेले असे बँकेला सांगून पैसे फिरवून घेण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. खोटे निवेदन हा स्वतंत्र अपराध ठरू शकतो आणि खरी बाजूही त्यात बुडते.

प्रथम ज्या अॅप स्टोअरमधून रक्कम वळती झाली, त्याच्याकडे अल्पवयीनाची विनासंमती खरेदी या कारणाखाली परतावा मागावा. तिथली मुदत थोडी असते, म्हणून आजच. सोबत खरेदीची संपूर्ण यादी, मुलाच्या वयाचा दाखला आणि आपण केलेली एकमेव खरेदी कोणती हे तारखेसह द्यावे. न उघडलेले बॉक्स व न वापरलेले आभासी चलन तसेच राहू द्यावे, कारण ‘वस्तू वापरली’ हा बचाव त्यांना लागू पडत नाही. गेम काढून टाकण्याआधी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. बक्षिसांच्या शक्यतांचे प्रमाण कुठे व किती बारीक अक्षरांत दिले आहे, तेही त्यात यावे. नकार आल्यास कंपनीला लेखी नोटीस आणि मग ग्राहक तक्रार यंत्रणा, असा क्रम ठेवावा.

बँकेमार्फत वाद उपस्थित करण्याचा, म्हणजे व्यवहारावर आक्षेप घेऊन बँकेकडून पैसे परत मागण्याचा मार्ग शेवटी ठेवावा. तसे करणाऱ्या ग्राहकाचे संपूर्ण खाते गोठवले जाते, असा आरोप ‘फोर्टनाइट’ हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर झाला होता आणि त्या प्रकरणात 24 कोटी 50 लाख डॉलर परताव्यासाठी द्यावे लागले. खाते गोठले तर मुलाने जमवलेले सारे जाईल, हे त्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.