कॅमेरा, पक्षादेश आणि लोकप्रतिनिधींचे वर्तन

प्रश्न : पूर्वी विधिमंडळातील चर्चा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात वाचायला मिळत असे. आता कामकाजाचे थेट प्रक्षेपण होते आणि भाषणांचे तुकडे तासाभरात मोबाइलवर येतात. एवढे सगळे दिसत असूनही सभागृहातील गोंधळ कमी झालेला नाही. माध्यमांमुळे लोकप्रतिनिधींच्या वागण्यात खरोखर काही फरक पडतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : फरक निश्चित पडतो, परंतु तो कोठे दिसेल हे प्रतिनिधीच्या स्वतःच्या हातात काय आहे यावर ठरते. जेम्स स्नायडर आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील अभ्यास येथे उपयोगी पडतो. तेथे वृत्तपत्राचा खप ज्या भागात असतो त्याच्या सीमा आणि मतदारसंघाच्या सीमा काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी मुळीच जुळत नाहीत. जेथे त्या जुळत नाहीत तेथे प्रतिनिधीविषयी बातम्या कमी येतात, मतदारांना त्याचे नावही कमी ठाऊक असते, आणि असा प्रतिनिधी समित्यांपुढे साक्ष द्यायला कमी वेळा जातो व पक्षाच्या भूमिकेबाहेर मत देण्यासही कमी धजावतो, असे त्यांना आढळले.

यातली शेवटची बाब आपल्याकडे लागू करता येत नाही. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी काय मत दिले याची नावनिशीवार नोंदच राहत नाही. मतदारांनी कितीही बारीक लक्ष ठेवले तरी मतदानाच्या बाबतीत आमदार-खासदारांना हलायला जागा फारशी नसते. साहजिकच माध्यमांचा सगळा भार जे त्यांच्या हाती उरते त्यावर, म्हणजे भाषणावर, घोषणेवर आणि फलकावर, येऊन पडतो. आपल्या प्रश्नातील गोंधळाचे एक मोठे कारण मला येथे दिसते.

संसदेतील प्रश्नोत्तराच्या तासाचे थेट प्रक्षेपण डिसेंबर 1994 पासून सुरू झाले, 2006 साली लोकसभेची स्वतंत्र वाहिनी आली आणि 2021 पासून दोन्ही सभागृहांसाठी संसद टीव्ही आहे. मात्र अधिकृत कॅमेरा काय दाखवील यालाही नियम आहेत, आणि गोंधळ सुरू झाला की तो पीठासीन अधिकाऱ्यांकडे वळतो. अमेरिकेत 1984 साली याच्या उलट घडले. तेथील प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंगरिच आणि त्यांचे सहकारी दिवसाचे कामकाज संपल्यावर दूरचित्रवाणीसमोर तावातावाने भाषणे करीत. कॅमेरा केवळ वक्त्यावर असल्यामुळे समोरची बाके रिकामी आहेत हे प्रेक्षकांना कळत नसे. अखेर सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा सभागृहभर फिरवण्याचा आदेश दिला. चित्रचौकटीत काय येणार याचा अंदाज घेऊनच वक्ता भाषणाचा बेत आखतो, हे त्या प्रसंगातून उघड झाले.

मुंबईत तर यासाठी सभागृहात जाण्याचीही गरज उरलेली नाही. अधिवेशन काळात विधान भवनाच्या पायऱ्यांवर सकाळी फलक, टोप्या, कधी गळ्यात भाज्यांच्या माळा घालून जी निदर्शने होतात, ती समोर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांसाठीच असतात. (पायऱ्यांवर तळमळीने मांडलेला विषय आत लक्षवेधी सूचनेला येतो तेव्हा किती सदस्य थांबतात, हे मात्र कोणी चित्रित करीत नाही.) 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यालाही मतदारसंघभर प्रेक्षक मिळू लागला. विधेयकाच्या एखाद्या कलमावरील चांगली दुरुस्ती तेवढ्या वेळात समजावून सांगता येत नाही, टोमणा मात्र सहज मारता येतो.

इंटरनेटने काहीच साधले नाही असे मात्र नाही. जुलै 2025 मध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली. आपण खेळत होतो हा आरोप त्यांनी फेटाळला, तरी महिनाअखेर कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. वैयक्तिक वर्तन चित्रात पकडता येते, म्हणून त्याचा जाब लवकर विचारला जातो.

प्रश्न : मग संसदीय समित्यांच्या बैठकाही थेट का दाखवू नयेत?
– त्याच वाचकाचा उपप्रश्न

उत्तर : माझ्या मते दाखवू नयेत. विभागनिहाय स्थायी समित्या 1993 पासून बंद दाराआड काम करतात आणि तेथे पक्षादेश चालत नाही. प्रेक्षक नसल्यामुळे विरोधी बाकावरील सदस्याचा मुद्दा मान्य करताना सत्ताधाऱ्याला कमीपणा वाटत नाही. अहवाल सभागृहात सादर झाल्यावर तो संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, आणि असहमत सदस्याचे मतभिन्नतेचे टिपणही त्याला जोडलेले असते. खासदार एखाद्या विषयावर खरोखर काय म्हणतात, हे भाषणाच्या तुकड्यापेक्षा त्या टिपणात अधिक नीट सापडते.